ओघावर उभं राहणारं झाड

तांबड्या समुद्रातल्या खडकाच्या छताखाली एक मळकट, सुरकुतलेला गोळा लोंबत असतो. पाणबुडे त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. पण पाण्याला ओढ लागली की तोच गोळा पाणी भरून घेत फुगतो आणि बघता बघता किरमिजी, नारिंगी, जांभळं झाड होऊन ताठ उभा राहतो. हा डेंड्रोनेफ्थिया, मऊ प्रवाळांची एक प्रजाती. खोड, फांद्या सगळं असूनही हा अस्सल प्राणी!

ओळखायचा कसा? खोड जवळजवळ पारदर्शक, त्यामुळे आतल्या चुन्याच्या सुया, म्हणजे कंटिका, बाहेरूनच दिसतात. फांद्यांच्या टोकांना पॉलिपांचे, म्हणजे वसाहतीतल्या इवल्या जीवांचे, झुबके आणि प्रत्येक पॉलिपला पिसासारखी आठ शुंडकं. त्यातही खरी खूण अशी, की पॉलिपच्या पाठीला टेकू देणाऱ्या सुया त्याच्या डोक्याच्याही वर निघालेल्या असतात. नावाला मऊ, पण हाताला टोचतो. रंगाचा मोठा वाटाही या सुयांचाच. प्रजातीत दोनशेंहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि सुया सूक्ष्मदर्शकाखाली न ठेवता नुसत्या फोटोवरून जात सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

उथळ पाण्यातली बहुतेक प्रवाळं पोटात शैवल पाळतात आणि त्यांनी उन्हात रांधलेलं खातात. डेंड्रोनेफ्थियाकडे ही सोय नाही. म्हणूनच त्याला ऊन लागत नाही. कपारी, कड्यांच्या सावल्या, बुडालेल्या जहाजांचे सांगाडे त्याला चालतात. हवा असतो तो वाहता ओघ. तो खातो काय, याचं उत्तर 1995 साली अकाबाच्या आखातातल्या अभ्यासातून मिळालं: मुख्यतः वनस्पतिप्लवक. प्राणी असून शाकाहारी, आणि तोही पाण्याने तोंडाशी आणून दिलं तरच! मत्स्यालयात तो बहुधा उपाशीच मरतो, यात नवल नाही.

पसरण्याची रीतही अजब. मोजक्या पॉलिपांचे तुकडे आपणहून गळतात, मुळांसारखे धागे फोडतात आणि एक-दोन दिवसांत नव्या खडकाला चिकटतात.

ऑस्ट्रेलियात पोर्ट स्टीफन्सच्या खाडीत याचीच एक जात वाळूच्या तळावर वाढते. तिच्या फांद्यांत व्हाइट्स जातीच्या समुद्रघोड्यांची पिल्लं आसरा घेतात. पण तिथली वाळू सरकते, आणि खालची ही झाडं गाडली जातात.