जबलपूरचे ‘एम्पायर’ : एका चित्रमंदिराची कहाणी

जबलपूर : अभिनेत्याच्या मालकीचे चित्रपटगृह ही तशी दुर्मीळ बाब, जबलपूरच्या ‘एम्पायर टॉकीज’ला तो मान लाभला होता. ब्रिटिश अमदानीतील या वास्तूचे पुढे मालक झाले ते ‘बरसात’, ‘आन’ आणि ‘बॉबी’ या चित्रपटांमुळे घरोघरी पोहोचलेले प्रेमनाथ. विद्यार्थिदशेत विनातिकीट शिरल्यामुळे या चित्रपटगृहातून बाहेर काढलेल्या प्रेमनाथ यांनी पुढे तेच विकत घेतले, अशी आख्यायिका शहरात सांगितली जाते. त्यांच्या भगिनी कृष्णा यांचा विवाह १९४६ मध्ये राज कपूर यांच्याशी झाला आणि या कुटुंबाचे चित्रसृष्टीशी असलेले नाते अधिक दृढ झाले.

जबलपूर १८१७ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडून इंग्रजांकडे गेले. पुढे १९५६ पर्यंत हे शहर नागपूर राजधानी असलेल्या प्रांताचा भाग होते. मुंबई–अलाहाबाद लोहमार्ग १८७० मध्ये येथेच जोडला गेला. लष्करी छावणी, रेल्वे आणि तोफगाड्यांचा कारखाना यांमुळे नियमित पगार असलेला नोकरदार वर्ग येथे वसला. अशा शहरात चित्रपटगृहाला प्रेक्षकांची वाण पडत नसे.

त्या काळच्या चित्रपटगृहांत स्टॉलपासून बाल्कनीपर्यंत तिकिटांचे दर निरनिराळे असत. मात्र पडदा सर्वांसाठी एकच. सुमारे हजार फुटांचे एक रीळ जेमतेम ११ मिनिटे चाले. त्यामुळे प्रक्षेपण कक्षात दोन यंत्रे आळीपाळीने चालवावी लागत. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर उमटणारा ठिपका दिसताच चालकाने दुसरे यंत्र सुरू करायचे, ही त्याच्या कौशल्याची कसोटी असे.

हा डोलारा मोठ्या गर्दीवर उभा होता. शेकडो आसनांचे सभागृह रोज तीन-चार खेळांना भरले, तरच स्वस्त तिकिटांतून खर्च निघे. ऐंशीच्या दशकात रंगीत दूरचित्रवाणी आणि व्हिडिओ घरात आले. १९९७ मध्ये दिल्लीत देशातील पहिले मल्टिप्लेक्स सुरू झाले. तेथे प्रेक्षकसंख्येनुसार लहान-मोठा पडदा निवडण्याची सोय होती. एकपडदा चित्रपटगृहाला मात्र एक चित्रपट पडला की संपूर्ण आठवडा तोट्यात काढावा लागे. त्यातच शहराच्या मध्यवस्तीतील जागेची किंमत चित्रपटगृहाच्या उत्पन्नाच्या कितीतरी पुढे गेली. अशा कारणांनी देशभरातील अनेक जुनी चित्रपटगृहे मिटली. प्रेमनाथ यांचे १९९२ मध्ये निधन झाले. कालांतराने ‘एम्पायर’ही बंद पडले.

तरीही अशा वास्तूंचा शेवट अटळ नसतो. मुंबईत १९३८ मध्ये सुरू झालेले ‘इरॉस’ काही वर्षांच्या खंडानंतर २०२४ मध्ये नव्या रूपात पुन्हा उघडले. मुंबईच्या आर्ट डेको वास्तूंना २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले होते. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील वस्तू व सेवा कर सप्टेंबर २०२५ मध्ये १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाल्याने स्वस्त तिकिटांवर चालणाऱ्या चित्रपटगृहांनाही काहीसा दिलासा मिळाला आहे. मात्र ‘इरॉस’ला लाभलेले महानगराचे स्थान आणि मोठी गुंतवणूक लहान शहरांच्या वाट्याला सहसा येत नाही. तेथे चित्रपटगृह मिटते तेव्हा केवळ एक व्यवसाय बंद होत नाही. अधिकारी, कामगार आणि विद्यार्थी एकाच छताखाली एकाच प्रसंगाला हसत, अशी जागा त्या शहरातून नाहीशी होते.