सत्तरच्या दशकातली फियाट घ्यायचीय? आधी कागद बघा, मग पत्रा आणि शेवटी इंजिन

रील्स बघता बघता अचानक एखादी पांढरीशुभ्र पद्मिनी समोर येते. चकाचक क्रोम, जुनं गाणं आणि खाली शंभर कमेंट्स: 'भाऊ, विकायची आहे का?' पण पारोळ्यासारख्या तालुक्याच्या गावात राहून खरोखर अशी गाडी घ्यायची, धुळे-जळगाव करायची, लग्नाला न्यायची, तर नेमकं काय बघायचं?

'चालती' गाडी म्हणजे काय?

जुन्या गाड्यांच्या बाजारात ढोबळ मानाने दोन प्रकार असतात. एक शोची गाडी. तिचा प्रत्येक नट मूळ असतो, ती ट्रेलरवरून प्रदर्शनाला जाते आणि पावसात बाहेर पडत नाही. दुसरी 'ड्रायव्हर क्वालिटी', म्हणजे चालती गाडी. रंग नंतर मारलेला, सीट कव्हर नवीन, कुठेतरी एखादा पोचा. पण किल्ली फिरवली की सुरू होते आणि गेलेल्या माणसाला परत आणते. वापरायला गाडी हवी असेल तर दुसरा प्रकारच परवडतो.

परदेशात सत्तरच्या दशकातली गाडी म्हटलं की दोन दारांच्या, लांब पल्ल्याच्या 'ग्रँड टूरर' गाड्या आठवतात. आपल्याकडे परवाना राज होतं. लोकांना मिळायच्या त्या मुख्यतः तीन गाड्या: कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर, मद्रासची स्टँडर्ड आणि मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट. प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ही फियाट ११०० डिलाइट पुढे 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४पासून 'पद्मिनी'. १०८९ सीसीचं इंजिन आणि स्टिअरिंगजवळचा गिअर. मुंबई-आग्रा रोडवरून सहकुटुंब देवदर्शनाला जाणाऱ्या अनेक घरांची 'ग्रँड टूरर' हीच होती.

पहिली पायरी: कागद

गाडी बघायला जाण्याआधी आरसी बुकचा फोटो मागवा. खाजगी गाडीची नोंदणी सुरुवातीला १५ वर्षांची असते. त्यानंतर दर ५ वर्षांनी गाडी आरटीओत दाखवून नूतनीकरण करावं लागतं. १९७४च्या गाडीचं हे कितीतरी वेळा व्हायला हवं होतं. वाड्यात किंवा शेडमध्ये वीस वर्षं उभी असलेल्या गाडीचं ते बहुतेक वेळा झालेलं नसतं.

खर्चही वाढलाय. ऑगस्ट २०२५मध्ये केंद्र सरकारने २० वर्षांपेक्षा जुन्या कारच्या नूतनीकरणाचं शुल्क ५,००० वरून १०,००० रुपये केलं. आयात केलेल्या चारचाकीसाठी ते ८०,००० रुपये आहे. शिवाय राज्याचा पर्यावरण कर आणि उशीर झाला असेल तर त्याचे पैसे वेगळे.

दुसरी अडचण जुन्या क्रमांकाची. धुळ्याची एमएच १८, जळगावची एमएच १९ ही पद्धत १९८९ नंतरची. त्याआधीच्या गाड्यांना तीन अक्षरं आणि पुढे आकडे असा क्रमांक असायचा. अशा कित्येक गाड्यांची नोंद आजच्या 'वाहन' या ऑनलाइन यंत्रणेत नाही. ती करून घेतल्याशिवाय पुढचं काम सरकत नाही. ती नोंद विकणाऱ्याने करून द्यायची, हे सौद्याच्या वेळीच ठरवा.

तिसरी अडचण घरची. गाडी आजोबांच्या नावावर, आजोबा हयात नाहीत आणि विकतोय नातू. अशा वेळी आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर व्हावी लागते. मगच फॉर्म २९ आणि ३० भरून ती तुमच्या नावावर होते. इतर वारसांची संमती नसेल तर पैसे देऊ नका. नुसत्या स्टॅम्प पेपरने गाडी तुमची होत नाही.

चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघा. कुणी मधेच दुसरं इंजिन किंवा डिझेल इंजिन बसवलं असेल आणि त्याची नोंद नसेल, तर तपासणीत गाडी अडकते. गाडी आधी टॅक्सी असेल तर ती खाजगी म्हणून नोंदवली आहे का, तेही बघा.

'विंटेज' नंबरचा मोह

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या गाड्यांनी पन्नाशी ओलांडली आहे. २०२१च्या केंद्रीय नियमानुसार ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ स्वरूपात असलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो.

मिरवायला छान, पण यात एक मेख आहे. विंटेज गाडी नेहमीच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच परवानगी. दर रविवारी अमळनेरला जायचं असेल तर साधं नूतनीकरणच बरं.

दुसरी पायरी: पत्रा

फियाट आणि ॲम्बेसेडरला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. गाडीचा पत्राच सगळा भार पेलतो. म्हणून गंज म्हणजे फक्त दिसण्याचा प्रश्न नाही. फरशी किंवा दारांखालची पट्टी कुजली की गाडीचा सांगाडाच कमकुवत होतो.

सोबत छोटं लोहचुंबक न्या, त्याला रुमाल गुंडाळा आणि बॉडीवर फिरवा. जिथे ते चिकटत नाही तिथे रंगाखाली पत्रा नाही, पुट्टी आहे. मॅट उचलून फरशी बघा, स्टेपनीची जागा बघा, गाडी उचलून खालून टॉर्च मारा. नुकताच मारलेला चकचकीत रंग दिसला तर जास्त सावध व्हा. इंजिन आठवड्याभरात उतरवून बांधता येतं. कुजलेल्या पत्र्याचं काम मात्र महिनोन्‌महिने चालतं आणि खर्च कुठे थांबेल ते सांगता येत नाही.

तिसरी पायरी: इंजिन

विकणाऱ्याला सांगा, 'आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका.' गरम इंजिन बरेच दोष लपवतं. सुरू झाल्यावर धूर बघा. निळसर असेल तर ऑइल जळतंय, काळा असेल तर कार्ब्युरेटर जास्त पेट्रोल देतोय आणि गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला तर इंजिनात पाणी शिरत असण्याची शक्यता आहे.

मग चक्कर मारा, पण सकाळी नाही, दुपारी. खान्देशात मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. अशा उन्हात पाइपमधल्या पेट्रोलची वाफ होऊन जुनी गाडी बंद पडू शकते. पारोळा ते धुळे जाऊन-येऊन सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर होतात. तेवढ्यात तापमानाचा काटा वर चढला नाही आणि गाडी बंद करून लगेच पुन्हा सुरू झाली, तर समजा निम्मी परीक्षा पास.

आता एक नवी कटकट म्हणजे पंपावरचं २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. पन्नास वर्षांपूर्वीचे रबरी पाइप आणि वॉशर त्यासाठी बनवलेले नव्हते. ते कडक होतात, चिरतात, गळतात. घेतल्या घेतल्या सगळे पाइप बदला. सोबत वायरिंगही बदला, कारण गळकं पेट्रोल आणि उघडी वायर हीच आगीची सुरुवात.

सुटे भाग आणि मिस्तरी

पद्मिनीचे भाग वर्षानुवर्षं सहज मिळत राहिले ते मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे. ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यावर अधिकृतपणे एकही पद्मिनी टॅक्सी उरली नाही. म्हणजे जुना साठा आहे, पण मागणी आटली आहे. म्हणून गाडी ठरवण्याआधी कार्ब्युरेटर आणि पॉइंट कळणारा मिस्तरी शोधा. आजची पोरं लॅपटॉप लावून दोष शोधतात. या गाडीला लॅपटॉप लावायला जागाच नाही.

आणि एक न बोललं जाणारं

या गाड्यांना एअरबॅग नाही, सीटबेल्ट बहुधा नाही आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. थांबायला आजच्या गाडीपेक्षा जास्त अंतर लागतं. सुरत-नागपूर हायवेवर मागे भरलेला ट्रेलर असताना हे लक्षात ठेवावं लागतं. सीटबेल्ट बसवून घ्या, मागचे दिवे ठळक करा, रात्रीचा लांबचा प्रवास टाळा.

पैशांचं गणितही आधीच मांडा. जेवढ्याला गाडी, साधारण तेवढीच रक्कम पहिल्या वर्षाच्या कामासाठी बाजूला ठेवायची तयारी असेल तरच पुढे जा. कागद अर्धवट असतील तर फुकट मिळाली तरी नको. कागद पूर्ण, पत्रा धड आणि इंजिन धूर काढतंय, अशी गाडी मात्र घासाघीस करून घेण्यासारखी असते.