मणका जुळला, तरी पाठ का दुखते?

हाडे ठिसूळ झाली की मणका दबायला पडावेच लागते असे नाही. वाकून पाण्याची कळशी उचलली किंवा जोराचा ठसका लागला, तेवढेही पुरते. हाड बहुधा दोन-तीन महिन्यांत जुळते, पण दबलेल्या मणक्याची उंची परत येत नाही. पाठीला बाक येतो, शरीराचा भार पुढे जातो आणि तोल सावरणारे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात. मागे उरलेले दुखणे बरेचदा या थकलेल्या स्नायूंचे असते.

म्हणून अंथरूण धरू नये. त्याने हाडे आणि स्नायू दोन्ही झिजतात. उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हातांनी रेटा देऊन बसा. झाडू लांब दांड्याचा घ्या. पाठ ताठ करणारे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिका.

नातेपुत्याच्या मुक्कामाहून माउलींच्या पालखीसोबत माळशिरसकडे चालायचे असेल, तर डॉक्टरांना विचारून काही आठवडे आधीपासून चाल हळूहळू वाढवा. पिशवी दिंडीच्या ट्रकमध्ये ठेवा.

एक मणका दबला की दुसऱ्याचा धोका वाढतो. त्यामुळे नुसत्या वेदनाशामक गोळ्यांवर भागवू नका. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आणि हाडे बळकट करणारे औषध यांबद्दल डॉक्टरांना विचारा. आहारात दूध, नाचणी, तीळ ठेवा. अचानक नवी कळ आली, तर लवकर दाखवा. पायांतली ताकद गेली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.