एसीतला गॅस जातो कुठे?

मे महिन्यात एसीने थंड हवा देणं थांबवलं की बहुतेक घरांत एकच निदान ऐकू येतं: गॅस संपला. मेकॅनिक येतो, सिलिंडर जोडतो, गॅस भरतो, दोन-तीन हजार रुपये घेतो आणि खोली पुन्हा गार होते. पुढच्या उन्हाळ्यात, कधी कधी तर पुढच्याच महिन्यात, तोच प्रकार. गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, गडचिरोलीच्या सीमेलगतच्या केशोरीसारख्या गावात हा खर्च अधिकच जड जातो. मेकॅनिक बाहेरगावाहून बोलवायचा, तर त्याच्या येण्याजाण्याचे पैसेही बिलात चढतात.

म्हणून एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. एसीतला गॅस वापरून संपत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांमध्ये तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. तो कमी झाला असेल, तर कुठून तरी गळतो आहे. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता ट्यूबमध्ये हवा भरणं.

कूलर कुठे थांबतो

विदर्भ हा कूलरचा मुलूख, आणि त्यामागे पक्कं विज्ञान आहे. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता शोषतं. तापमान ४३ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर ओल्या गवतातून जाणारी हवा जास्तीत जास्त २५ अंशांच्या आसपास उतरू शकते. मात्र पाऊस सुरू झाला, तापमान ३२ आणि आर्द्रता ८० टक्के झाली, की हीच मर्यादा २९ अंशांवर येते. हवेतच पाणी भरलेलं असल्यावर आणखी वाफ होणार कुठून? इटियाडोह धरण, नवेगावबांधचा तलाव आणि धानाच्या बांध्या असलेल्या या भागात पावसाळ्यातला दमटपणा चांगलाच जाणवतो. कूलर असलेल्या घरातही एसी येतो तो यामुळेच. एसी हवा थंड करतोच, शिवाय तिच्यातलं पाणी बाहेर काढतो.

चार भागांचं चक्र

आतल्या कॉइलमध्ये द्रवरूप गॅस कमी दाबाखाली पाच-दहा अंशांना उकळतो आणि खोलीतली उष्णता घेतो. कॉम्प्रेसर त्याला दाबून गरम करतो. बाहेरच्या कॉइलमध्ये तो उष्णता सोडून पुन्हा द्रव होतो. मग एका अरुंद नळीतून किंवा व्हॉल्व्हमधून जाताना त्याचा दाब उतरतो आणि चक्र नव्याने सुरू होतं. बाहेर ४३ अंश असताना उष्णता सोडायची, तर गॅस त्याहून बराच गरम व्हावा लागतो. म्हणून ऐन मे महिन्यात कॉम्प्रेसरवर सर्वाधिक ताण येतो आणि एसी नेमका तेव्हाच बिघडतो.

गॅस गळू लागला की आतल्या कॉइलमधला दाब उतरतो, गॅस शून्याखाली उकळू लागतो आणि कॉइलवर बर्फ धरतो. बर्फ दिसला की गॅस कमी, असा निष्कर्ष लगेच काढला जातो. पण फिल्टर धुळीने चोंदला, तरी कॉइलला पुरेशी गरम हवा मिळत नाही आणि तसाच बर्फ धरतो. तेव्हा बर्फ दिसताच आधी एसी बंद करून बर्फ वितळू द्यावा, फिल्टर धुऊन वाळवून बसवावा आणि मग पाहावं. या उपायाला एक पैसाही लागत नाही.

गळती मात्र खरी असेल, तर दिरंगाई महागात पडते. कॉम्प्रेसरची मोटर त्याच्यातून वाहणाऱ्या गॅसमुळेच गार राहते. गॅस कमी झाला की ती तापत जाते आणि शेवटी तिची वाइंडिंग जळते. काहीशे रुपयांच्या जोडकामाचं बिल दहा-पंधरा हजारांवर जातं ते असं.

बिलातले आकडे

खर्चाचा अंदाज आधीच असला की बोलणी सोपी होतात. कॅपॅसिटर काहीशे रुपयांचा असतो. उष्णतेने तो कमजोर होतो. मग कॉम्प्रेसर नुसता घुमतो, सुरू होत नाही. कॉम्प्रेसर गेला असं कुणी म्हणालं, तर आधी कॅपॅसिटर मीटर लावून तपासायला सांगा. इन्व्हर्टर एसीचा सर्किट बोर्ड, म्हणजे पीसीबी, काही हजारांचा. विजेचा झटका बसला, ओल शिरली किंवा पाल आत जाऊन शॉर्ट झाला, की तो जातो. कॉम्प्रेसर सगळ्यांत महाग. त्यावर अनेक कंपन्या दहा वर्षांची हमी देतात, पण गॅस, मजुरी आणि वाहतूक त्यात धरलेली असेलच असं नाही. हमीपत्रावरचा तो भाग खरेदीच्या वेळीच वाचून घ्यावा.

खेड्यात विजेच्या दाबाची कुरबुर नेहमीची. व्होल्टेज उतरलं की साध्या एसीची मोटर जास्त करंट ओढते आणि तापते. लाइन जाऊन लगेच परत आली, तर कॉम्प्रेसरला भरल्या दाबाविरुद्ध सुरू व्हावं लागतं. म्हणून एसी तीन-चार मिनिटं थांबूनच लावावा, किंवा उशिराने चालू होणारा स्टॅबिलायझर बसवावा. मृगाच्या आधीच्या वादळात विजा कडाडू लागल्या की रिमोटने बंद करणं पुरेसं नाही. प्लगच काढून ठेवावा.

धानपट्ट्यातला आणखी एक शत्रू म्हणजे कोंडा आणि भुसा. मळणीच्या दिवसांत किंवा राईस मिलजवळ उडणारा कोंडा बाहेरच्या युनिटच्या पातळ पत्र्यांत अडकतो. उष्णता बाहेर पडत नाही, दाब वाढतो, विजेचं बिलही वाढतं. मळणी संपल्यावर वीजपुरवठा बंद करून पाण्याच्या हलक्या धारेने ही कॉइल धुवावी. वर्षातून दोनदा केलेली ही सफाई मोठा खर्च टाळते.

गॅस भरण्याची योग्य रीत

चांगला मेकॅनिक नळ्यांत कोरडा नायट्रोजन दाबाने भरतो, सांध्यांवर साबणाचा फेस लावतो आणि बुडबुडे कुठे येतात ते पाहतो. गळती सापडली की ब्रेझिंगने सांधा जोडतो किंवा सैल फ्लेअर नट दुरुस्त करतो. मग व्हॅक्युम पंप लावतो. दाब इतका उतरवला जातो की नळ्यांत राहिलेलं पाणी खोलीच्या तापमानालाच उकळून बाहेर पडतं. ते आत राहिलं, तर कॉम्प्रेसरच्या तेलाशी मिळून आम्ल तयार होतं आणि यंत्र आतून कुरतडलं जातं. शेवटी युनिटवरच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस वजनकाट्यावर मोजून भरतात. यात दोन-तीन तास जातात. वीस मिनिटांत गॅस भरून झाला असेल, तर यातले बरेच टप्पे गाळले गेले आहेत.

कोणता गॅस, हेही पाहावं. जुन्या यंत्रांत आर-२२, नंतरच्या अनेकांत आर-४१०ए आणि आजच्या बहुतेक यंत्रांत आर-३२ असतो. त्यांचे दाब आणि त्यांना चालणारी तेलं सारखी नाहीत. आर-३२ थोडा ज्वलनशीलही आहे. आर-२२ च्या यंत्रात तो भरणं धोक्याचं.

गळलेला गॅस हवेत जातो आणि तिथे त्याचे परिणाम मोठे असतात. आर-२२ ओझोनचा थर विरळ करतो. ओझोनच्या थराच्या रक्षणासाठीच १९८७ चा माँट्रियल करार झाला, आणि त्यानुसार २०३० पर्यंत भारतात अशा गॅसचा वापर जवळजवळ थांबायचा आहे. त्यामुळे जुन्या यंत्राची देखभाल दिवसेंदिवस अवघड होत जाणार. आर-३२ ओझोनला धक्का लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा एक किलो सुमारे ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. आर-४१०ए चा आकडा दोन हजारांच्या वर आहे. अशा गॅसच्या वापराला आळा घालणारी २०१६ ची किगाली दुरुस्ती भारताने २०२१ मध्ये मान्य केली. दरवर्षी गॅस भरून घेणारं घर पैशांबरोबर हवेचंही नुकसान करत असतं.

दुरुस्ती की नवा?

एसी आठ-दहा वर्षांचा, गॅस आर-२२, आणि कॉम्प्रेसर किंवा आतली कॉइलच गेलेली असेल, तर नव्या यंत्राचा विचार करावा. जुलै २०२२ पासून स्टारचे निकष कडक झाले; त्यामुळे जुना पाच स्टार आजच्या पाच स्टारच्या बरोबरीचा नाही. इतर बहुतेक बिघाडांत दुरुस्तीच परवडते.

मेकॅनिकला तीनच प्रश्न विचारा. गळती नेमकी कुठे सापडली? व्हॅक्युम किती वेळ केला? गॅस किती ग्रॅम भरला? या प्रश्नांची उत्तरं देणाऱ्या माणसाने मजुरी थोडी जास्त मागितली, तरी ती आनंदाने द्यावी. पैसे गॅसचे नव्हे, गळती शोधण्याच्या कसबाचे असतात. या कसबाची किंमत आपण मोजली, तर आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन शिकलेल्या आपल्याच तालुक्यातल्या मुलांना गाव न सोडता या कामावर पोट भरता येईल आणि केशोरीला दर उन्हाळ्यात शहरातल्या मेकॅनिकची वाट पाहावी लागणार नाही.