गाडीच्या काचांना फिल्म लावायची की नाही?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून काढलाय. बोलण्यातले अडखळे काढलेत, बाकी जवळजवळ तसंच ठेवलंय.

या वेळचा विषय अकोल्याहून आलेल्या एका व्हॉइस मेसेजमुळे ठरला. ताईंचं बाळ सात महिन्यांचं आहे. माहेर वाशीमला. पंधरा दिवसांतून एकदा तरी जाणं होतं, आणि निघायला दुपारच होते. मागच्या सीटवर बाळाच्या बाजूच्या काचेतून ऊन थेट आत येतं. सासरे म्हणतात, "फिल्म बसवून टाका, सगळे बसवतात." नवरा म्हणतो, "नाक्यावर पकडतील." दोघांचा वाद आठवडाभर चाललाय. ताईंचा प्रश्न मात्र साधा होता: दादा, लहान बाळ आहे म्हणून लावली तरी चालत नाही का?

उत्तराआधी मला एक कबुली द्यायची आहे, कारण काळ्या काचांची गाडी मी स्वतः चालवलेली आहे.

२०१० साली मी सोलापुरात सेकंडहँड गाडी घेतली. काचांना आधीच्या मालकानं काळी फिल्म लावलेली होती. बाहेरून गाडी एकदम रुबाबदार दिसायची आणि खरं सांगतो, मला ते आवडायचं. जुलैतल्या एका रात्री पाऊस चालू असताना मी गल्लीतून मोठ्या रस्त्यावर डावीकडे वळत होतो. समोरच्या काचेला वायपर असतो हो, बाजूच्या काचेला कुठे असतो? त्यात फिल्म काळी, त्यावर पाण्याचे ओघळ, आणि रस्त्यावरचा दिवा बंद. डावीकडून एक दूधवाला सायकलवर येत होता. तो मला दिसलाच नाही. बंपरचा धक्का त्याच्या मागच्या चाकाला लागला तेव्हा कळलं. माणूस पडला, किटलीतलं दूध रस्त्यावर गेलं, गुडघा खरचटला. तेवढ्यावर निभावलं. उठून त्यानं काय केलं, तर माझ्या काचेला नाक लावून आत पाहिलं. आत माणूस आहे की नाही हेच त्याला बाहेरून दिसत नव्हतं.

त्या रात्रीनंतर मी लगेच फिल्म काढली असं सांगायला आवडलं असतं, पण नाही काढली. रात्री काचा खाली करून चालवायला लागलो, एवढंच. फिल्म निघाली ती २०१२ च्या मे महिन्यात, तीही कोर्टामुळे.

२७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अविषेक गोएंका यांच्या जनहित याचिकेवर निकाल दिला. त्याआधी लोकांचा समज असा होता की ठरावीक टक्के उजेड आत येत असला की फिल्म चालते. हा समज केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १०० वरून आला होता. त्या नियमात आकडे आहेत: समोरच्या आणि मागच्या काचेतून निदान ७० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, बाजूच्या काचांतून निदान ५० टक्के. यालाच व्हीएलटी म्हणतात. न्यायालयानं म्हटलं, हे आकडे काचेसाठी आहेत. कारखान्यातून काच बनतानाच तेवढी रंगीत आली तर हरकत नाही, पण तयार काचेवर वरून काही चिकटवायला नियमात जागा नाही. त्यामुळे कितीही टक्क्यांची काळी फिल्म, किंवा इतर कोणतीही वस्तू, काचेवर लावायला बंदी. ४ मे २०१२ पासून देशभर अंमल. झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांसाठी तेवढी सवलतीची वाट ठेवली. मुद्दा गुन्ह्यांचा होता, काळ्या काचांमागे काय चाललंय ते पोलिसांना दिसत नाही, हा.

म्हणजे नवरोबांचं म्हणणं बरोबर. दंड कलम १७७ खाली होतो: पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत, पुन्हा सापडलात तर १५०० रुपयांपर्यंत. रक्कम मोठी नाही, म्हणूनच बरेच जण 'भरू की' म्हणून फिल्म लावून फिरतात. शिवाय बऱ्याचदा जागेवर फिल्म उतरवायला लावतात, म्हणजे फिल्मचे पैसेही गेले. माझी फिल्म उतरवताना मागच्या काचेवरच्या डिफॉगरच्या दोन रेघा तिच्यासोबत सोलून आल्या. पुढे गाडी विकेपर्यंत पावसाळ्यात मागची काच अर्धीच साफ व्हायची.

आता सासऱ्यांची बाजू, कारण तीही अगदीच पोकळ नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं वेगळा निकाल दिला. १ एप्रिल २०२१ पासून नियम १०० बदलला. त्यात नुसत्या काचेऐवजी 'सेफ्टी ग्लेझिंग' हा शब्द आला, आणि आतल्या बाजूनं प्लास्टिकचा थर असलेली काचही त्यात बसते. केरळ उच्च न्यायालय म्हणालं की असा थर फक्त कंपनीनंच लावावा असं काही नाही, गाडीचा मालकही लावू शकतो, पण ७० आणि ५० ची मर्यादा पाळून. हा निकाल व्हॉट्सॲपवर इतका फिरला की फिल्मवाले आता त्याची प्रत मोबाईलमध्ये ठेवतात. मी मुद्दाम एका दुकानात जाऊन विचारलं, तर मालकानं पहिल्यांदा तीच दाखवली. म्हटलं, "नाक्यावरचा हवालदार हे वाचेल का?" तो हसला आणि म्हणाला, "साहेब, वाचायला थांबला तर वाचेल."

निकाल एका राज्याच्या उच्च न्यायालयाचा आहे, आणि २०१२ चा आदेश सर्वोच्च न्यायालयाचा. अकोल्याच्या नाक्यावर केरळचा कागद दाखवून भांडायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. कडेवर सात महिन्यांचं बाळ घेऊन ही तयारी कोणी करू नये, असं माझं मत.

आणि समजा, केरळचा नियम उद्या आपल्याकडेही लागू झाला. तरी दुकानात जी विकतात ती '५० टक्केवाली, लीगल' फिल्म त्यात बसत नाही. इथे थोडं गणित आहे, दोनच मिनिटं द्या. गाडीची मूळ काचही सगळा उजेड सोडत नाही. बाजूची काच ७५ टक्के सोडते असं धरा. तिच्यावर ५० टक्क्यांची फिल्म लावली की ७५ चे अर्धे, म्हणजे साडेसदतीस टक्के उजेड आत. मर्यादा ५० ची. झालं की बेकायदेशीर! त्या काचेवर ५० टक्के राखायचे तर फिल्म किमान ६७ टक्क्यांची हवी, म्हणजे बाजारातली ७० वाली. आणि समोरची काचही ७५ चीच असेल तर तिच्यावरची फिल्म ९३ टक्क्यांच्या वरची लागेल, म्हणजे जवळपास पारदर्शक. टक्के फिल्मचे नाही मोजत, काच आणि फिल्म मिळून मोजतात. दुकानात हे सहसा कुणी सांगत नाही.

बरं, कायदा बाजूला ठेवू. बाळाला गार वाटेल का, हा खरा प्रश्न.

सूर्याच्या उष्णतेतली साधारण निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून येते. दिसणारा उजेड निम्म्याहून थोडा कमी, आणि अतिनील किरण पाचेक टक्के. साध्या काळ्या फिल्ममध्ये रंग असतो. तो दिसणारा उजेड अडवतो, म्हणून आत अंधार होतो आणि आपल्याला थंड 'वाटतं'. अवरक्त किरण मात्र बरेचसे तसेच आत येतात. शिवाय जो उजेड फिल्म शोषते तो उष्णता होऊन काचेत मुरतो, आणि तापलेल्या काचेतली बरीचशी ऊब आतच येते. चांगली सिरॅमिक फिल्म अवरक्त किरण अडवते, हे खरं. आणि ती काळी असण्याची गरजच नसते, ती जवळपास पांढरी दिसू शकते. काळेपणा आणि गारवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण आपण वर्षानुवर्षं पहिलीचे पैसे देऊन दुसरी मिळाली असं समजत आलोय. (धातूचा थर असलेली फिल्म समोर लावली तर फास्टॅग वाचायलाही अडचण येते. टोलवर मागचे हॉर्न वाजवायला लागले की मग कळतं.)

त्यात गाडीत सगळ्यात जास्त ऊन येतं ते समोरच्या मोठ्या, तिरप्या काचेतून, आणि छत तापतं ते वेगळंच. बाजूच्या दोन काचा काळ्या केल्या म्हणून उन्हात उभी गाडी तापायची थांबत नाही. उन्हात बंद गाडीचं तापमान तासाभरात वीसेक अंशांनी चढू शकतं, आणि त्यातला बराचसा भाग पहिल्या अर्ध्या तासातच चढतो. काच चार बोटं उघडी ठेवल्यानंही फारसा फरक पडत नाही. म्हणून 'दोन मिनिटांत येते' म्हणत बाळाला बंद गाडीत ठेवायचं नाही. फिल्म असो वा नसो.

अतिनील किरणांचं काय? इथे एक गंमत आहे. समोरची काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर घालून केलेली असते, आणि तो थर अतिनील किरण जवळजवळ सगळे अडवतो. बाजूच्या काचा मात्र बहुतेक गाड्यांत साध्या टफन्ड असतात. त्यांतून अतिनीलचा 'ए' प्रकार बऱ्यापैकी आत येतो. २०१२ मध्येच न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका अमेरिकन ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. वय ६९, अठ्ठावीस वर्षं ट्रक चालवलेला. तिकडे चालक डावीकडे बसतो, तर चेहऱ्याची डावी बाजू सुरकुत्यांनी लोंबलेली आणि उजवी बरीच तरुण. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, तेव्हा टॅक्सीवाल्या काकांचा उजवा हात एकदा निरखून बघा.

म्हणून ज्यांना उन्हाचा खरा त्रास आहे, ल्युपससारखा आजार आहे, त्यांनी नवीन गाडी घेताना 'यूव्ही कट' काच कंपनीकडूनच बसवून येते का ते विचारावं. काही गाड्यांत येते. काचेच्या कोपऱ्यात बारीक शिक्का असतो, त्यावर लॅमिनेटेड की टफन्ड तेही लिहिलेलं असतं. माझ्या हिशेबानं सनरूफपेक्षा त्या काचेवर पैसे घालणं कधीही बरं.

आडोसा हवा, बाहेरच्यांनी आत बघू नये, हे कारण फार कमी जण तोंडानं सांगतात, पण बऱ्याच फिल्म त्यासाठीच लागतात. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. बाळाला पाजायचं असतं तेव्हा ती गरज किती खरी असते हे घरात पाहिलंय. ओढणी आणि थांबायला बरी जागा, एवढंच सुचतं.

मग जाळीचे ते चिकटणारे पडदे? तेही 'इतर कोणतीही वस्तू' मध्ये मोडतात. केरळातच जानेवारी २०२१ मध्ये परिवहन विभागानं 'ऑपरेशन स्क्रीन' नावाची मोहीम काढून फिल्मबरोबर पडदेही काढायला लावले होते. गाडी उभी असताना हवं ते लावा, समोर चंदेरी शेड तर जरूर लावा. निघताना मात्र काढा.

तेव्हा ताई, तुमच्यासाठी मी नकाशा उघडून बसलो. वाशीम अकोल्याच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला आहे. म्हणजे दुपारी जाताना पश्चिमेचं ऊन गाडीच्या उजव्या बाजूनं येणार. बाळाची सीट मागे डावीकडे बांधा. परतताना सकाळी निघालात तर तोंड उत्तरेला, सूर्य पूर्वेला, ऊन पुन्हा उजवीकडूनच. सीट हलवायची गरज नाही. संध्याकाळी परतणार असाल तर ऊन डावीकडून येईल, तेव्हा सीट उजवीकडे घ्या. जमलं तर दुपारऐवजी सकाळी सातला निघा. सासऱ्यांना हेच काम द्या, निघायच्या आधी गाडी सावलीत आणून ठेवायचं.

गाडी तापलेली असेल तर डावीकडची मागची काच पूर्ण खाली करा आणि उजवीकडचं पुढचं दार पाच-सहा वेळा उघडझाप करा. आतली कोंडलेली गरम हवा बाहेर ढकलली जाते. मग काचा खाली ठेवून एसी सुरू करा, दोनेक मिनिटांनी काचा लावा आणि हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबा. बाळाला ठेवण्याआधी सीटच्या बक्कलला स्वतःचं मनगट लावून बघा. धातू तापलेला असतो, आणि चटका बसला तरी बाळ फक्त रडतं. कशानं ते सांगू शकत नाही.