उझीचा बंदोबस्त दारापासून

रेशीम किड्यांच्या शेडमध्ये सरळ आत जाता येत नाही. आधी लहानशी खोली लागते. बाहेरचं दार लावून घ्यायचं, पाय चुन्यावरून न्यायचे, मागोमाग माशी आली नाही ना ते बघायचं आणि मगच आतलं जाळीचं दार उघडायचं. बीड जिल्ह्यातल्या ज्या मावशी-दादांच्या जोडप्याकडे मी हे काम जवळून पाहिलं, त्यांच्याकडे पाहुणा असो की अधिकारी, कुणालाच सूट नव्हती. "दोन्ही दारं एकदम उघडी दिसली, की मी कुणालाबी बोलते," मावशींनी आल्या आल्या बजावलं.

एवढी शिस्त उझी माशीसाठी. शास्त्रीय नाव एक्झोरिस्टा बॉम्बायसिस. करडी-काळी, घरमाशीपेक्षा मोठी, पाठीवर चार उभे काळे पट्टे. किड्याच्या अंगावर बसते, टाचणीच्या डोक्याएवढं पांढरट अंडं चिकटवते आणि उडते. एका किड्यावर एक-दोन अंडी पुरतात आणि एक मादी काहीशे अंडी घालते. त्यामुळे आत शिरलेल्या चार-दोन माश्याही बॅचचं गणित बिघडवतात.

मावशींनी तुतीच्या फांदीवरचा एक किडा उचलून माझ्या हातावर ठेवला. थंड, मऊ, भरलेला. त्याच्या बाजूला दोन वळ्यांच्या मधल्या खाचेत ते अंडं बसलं होतं. दाखवलं नसतं तर मला दिसलंच नसतं. दुसऱ्या किड्यावर अंड्याच्या जागी काळा डाग होता. दोन-तीन दिवसांत अंडं फुटतं, अळी कातडी भेदून आत शिरते, आणि शिरली तिथं हा डाग उमटतो. आतली अळी शरीराचं मागचं टोक त्याच छिद्राशी लावून बाहेरची हवा घेते आणि किडा आतून खात राहते. डाग पडलेला किडा हाताशी लागला, की मावशी तो बाजूला काढतात. त्याला वाचवायचा उपाय नाही.

लागण कधी झाली यावर नुकसान ठरतं. चौथ्या अवस्थेत झाली तर किडा कोष न करताच मरतो. पाचव्या अवस्थेच्या शेवटी झाली तर त्याहून वाईट, असं मला वाटतं. कारण तो किडा शेवटपर्यंत पाला खातो, चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या चौकटीवर चढतो, कोषही विणतो. मग अळी कोषाला भोक पाडून बाहेर येते. चांगल्या कोषातून हजार मीटरच्या आसपास सलग धागा निघतो. भोक पडलं, की धागा जागोजाग तुटतो आणि असा कोष रीलिंगला चालत नाही. सगळा पाला, सगळी मेहनत खर्ची पडल्यावर हे हाती येतं.

कापसावर, सोयाबीनवर अळी दिसली की आपण फवारणीचा पंप काढतो. इथं तो काढता येत नाही. रेशीम किडाही कीटकच. माशी मारणारं औषध त्यालाही मारतं. म्हणून खिडक्यांना नायलॉनची बारीक जाळी. म्हणून खिडकीशी पांढऱ्या ट्रेमध्ये उझी ट्रॅपच्या गोळीचं पाणी. माशी त्याकडे ओढली जाते आणि बुडते. आणि म्हणूनच नेसोलिंक्स थायमस. ही चिलटाहून लहान गांधीलमाशी उझीच्या कोशात स्वतःची अंडी घालते आणि उझी आतल्या आत संपते. रेशीम किड्याला तिचा काही त्रास नाही. तिच्या पिशव्या आधी रॅकजवळ टांगतात, कोष काढल्यावर खताच्या खड्ड्याशी नेऊन ठेवतात.

खरं काम मात्र मी रात्री पाहिलं. चंद्रिकांखाली प्लॅस्टिकचा कागद अंथरला होता. बॅटरीच्या उजेडात त्यावर पिवळसर, बिनपायाच्या अळ्या सरकताना दिसल्या. सगळ्यांचा रोख अंधाराकडे. "ताई, पायाखाली बघा. मातीत गेली की गेली," दादा म्हणाले. त्यांनी अळ्या झाडून साबणाच्या पाण्यात टाकल्या. सुटलेली अळी फरशीच्या फटीत किंवा मातीत शिरते, दिवसभरात तिचा तपकिरी कोश होतो आणि दहा-बारा दिवसांत त्यातून माशी निघते. चॉकी, म्हणजे लहान किडे, आणून पुढची बॅच सुरू करण्याच्या सुमारासच ती हजर. या बॅचमध्ये दुर्लक्षिलेली अळी माशी होऊन पुढच्या बॅचवर अंडी घालायला तयार असते. फटी सिमेंटनं बुजवणं हे किरकोळ काम वाटतं. माझ्या मते जाळीइतकंच ते महत्त्वाचं आहे.

एकट्यानं हे सगळं करून भागत नाही. शेजारच्या शेडमधून माशी येतेच, आणि ती दूरही जाते, कोषांच्या पोत्यातून. कर्नाटकात ती पूर्वी नव्हती. 1980 मध्ये पश्चिम बंगालहून आलेल्या कोषांबरोबर पोहोचली आणि तिथल्या रेशीम शेतीची कायमची डोकेदुखी झाली. आपल्याकडे बीड, जालना, लातूर, सोलापूर भागांत तुती वाढते आहे, एकेका गावात शेडला शेड लागते आहे. तेव्हा रेशीम करणाऱ्यांना एवढीच विनंती: गावातल्या सगळ्यांनी बॅचच्या तारखा जुळवून घ्या, भोकाचे कोष आणि कचरा शेडमागे टाकू नका, आणि कोष बाजारात नेलेलं पोतं घरी आणल्यावर झटकण्याआधी त्यात अळी-कोश राहिलेत का ते बघून साबणाच्या पाण्यात बुडवा.