सांगून जा, सुखाने परत या
परदेशी जाणाऱ्या आईवडिलांसाठी सीमाशुल्काचे आणि आरोग्याचे नियम

नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गालगत जवाहरनगर आहे. साठच्या दशकात इथे आयुध निर्माणी उभी राहिली आणि तिच्याभोवती कामगारांची वसाहत वसली. इथे स्फोटके तयार होतात. काडेपेटी घेऊन आत जायचे नाही, हे इथल्या कामगाराला दुसऱ्यांदा सांगावे लागत नाही. वस्तू क्षुल्लक असली तरी तिच्यामुळे होणारे नुकसान केवढे असते, हे तो जाणतो. परदेशांच्या सीमाशुल्क नियमांमागेही हाच विचार आहे. तरीही निवृत्तीनंतर मुलाकडे किंवा मुलीकडे परदेशी निघताना आपण तो विसरतो, कारण बॅग भरतो ती मायेने.

चिन्नोरची पिशवी

भंडारा हा धानाचा जिल्हा आणि चिन्नोर हा इथला सुवासिक तांदूळ. लेकीसाठी तो दोन किलो न्यावा, असे कोणत्याही आईला वाटणारच. पण 2021च्या जुलैअखेरीपासून अमेरिकेने भारतासह अनेक देशांतून प्रवासी सामानात तांदूळ आणि हरभरा आणायला बंदी घातली आहे. त्याचे कारण आहे खापरा भुंगेरा. जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा हा किडा साठवलेल्या धान्याचा भुगा करतो. त्याच्या अळ्या भिंतींच्या फटींत अन्नावाचून वर्षानुवर्षे तग धरतात आणि अनेक कीटकनाशकांना दाद देत नाहीत. 1953 मध्ये तो कॅलिफोर्नियातील कोठारांत सापडला. त्याचा नायनाट व्हायला 1966 उजाडले आणि तेव्हाचे सुमारे एक कोटी दहा लाख डॉलर त्यापायी खर्ची पडले. हा इतिहास कळला की तांदळाची पिशवी काढून घेणाऱ्या अधिकाऱ्याचा राग येत नाही.

आंब्याची गोष्टही अशीच आहे. 2007 पासून भारतीय आंबा अमेरिकेत रीतसर विकला जातो, पण विकिरण प्रक्रिया झाल्यावरच. त्यासाठी नाशिक जिल्ह्यातील लासलगावचे विकिरण केंद्र तेव्हा उपयोगी पडले. प्रवाशाच्या बॅगेतल्या आंब्यावर ही प्रक्रिया झालेली नसते, म्हणून तो अडवला जातो.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड याहून कडक आहेत. पेढे, बर्फी यांसारख्या दुधाच्या मिठाईवर तिथे निर्बंध आहेत, कारण गुरांचे रोग दुधाच्या पदार्थांतून पसरू शकतात. न्यूझीलंडमध्ये जोखमीची वस्तू न सांगता आणली तर जागेवर 400 डॉलर दंड होतो. ऑस्ट्रेलिया 2019 पासून अशा गंभीर चुकीसाठी पाहुण्याचा व्हिसाही रद्द करू शकतो. वस्तू आधी जाहीर केली तर सहसा ती वस्तू तेवढी जाते. दंड होतो तो लपवल्याचा.

अनारसे आणि औषधे

दिवाळीच्या फराळातल्या एका पदार्थाबाबत विशेष जपायचे. अनारशाला खसखस लागते आणि संयुक्त अरब अमिराती व सिंगापूर इथे खसखस बंदी असलेल्या वस्तूंत मोडते. ती अफूच्या बोंडातली असते आणि तिच्यावर मॉर्फिनचा अंश राहू शकतो. नागपूरहून आखातात थेट विमान जाते आणि पुढे युरोप-अमेरिकेला जाणारे अनेक प्रवासीही तिथेच विमान बदलतात. म्हणून अनारसे, खसखशीचा मसाला आणि खसखशीची पुडी घरीच राहू द्यावी.

औषधांच्या बाबतीत चूक अधिक महाग पडते. ट्रामाडॉलची वेदनाशामक गोळी आणि कोडीन असलेले खोकल्याचे औषध अमिरातींत नियंत्रित यादीत आहे. ते न्यायचे तर तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधी घ्यावी लागते. प्रत्येक औषध मूळ पाकिटात ठेवावे, सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी असावी आणि तीत औषधाचे मूळ रासायनिक नाव लिहून घ्यावे, कारण आपल्याकडचे कंपनीचे नाव तिकडे कोणी ओळखत नाही. अमेरिकेत साधारण नव्वद दिवस पुरतील इतकी औषधे नेता येतात. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच हवे. विमानाच्या पोटातल्या थंडीत ते गोठून निकामी होऊ शकते.

विदर्भाचा आजार, विमानातली हवा

आपल्या भागासाठी एक गोष्ट निराळी सांगायला हवी. सिकलसेल हा पूर्व विदर्भाचा जुना आजार आहे. शुक्ला आणि सोळंकी यांनी 1958 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेलची नोंद मांडली. उडत्या विमानातली हवा सुमारे अठराशे ते चोवीसशे मीटर उंचीच्या डोंगरावरच्या हवेइतकी विरळ असते. ऑक्सिजन कमी पडला की सिकलसेल रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि रक्तवाहिन्या तुंबून तीव्र वेदना सुरू होतात. अशा रुग्णाने तिकीट काढण्याआधीच डॉक्टरांना विचारावे. वाटेत भरपूर पाणी प्यावे, अंग गरम ठेवावे आणि ऑक्सिजन लागणार असेल तर विमान कंपनीला आधी कळवावे. केवळ वाहक असलेल्यांना सहसा त्रास होत नाही.

आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतील पीतज्वराच्या देशांत जाणाऱ्यांनी निदान दहा दिवस आधी अधिकृत केंद्रात लस घ्यावी. जुलै 2016 पासून तिचे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. ते नसेल तर परतल्यावर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. पीतज्वर पसरवणारा एडीस डास आपल्याकडे आहेच, तोच डेंग्यूही देतो. पीतज्वराचा विषाणू मात्र अजून इथे आलेला नाही. तो येऊ नये म्हणून ही काळजी.

विमा

केंद्रीय कर्मचाऱ्याचे आरोग्य योजनेचे कार्ड परदेशातल्या रुग्णालयाचे बिल भरत नाही. ब्रिटनमध्ये सरकारी रुग्णालयही पाहुण्याकडून ठरलेल्या दराच्या दीडपट रक्कम घेते. शेंगेन देशांचा व्हिसा किमान 30,000 युरोंच्या वैद्यकीय विम्याशिवाय मिळत नाही. विम्याच्या अर्जात रक्तदाब, मधुमेह, झालेली अँजिओप्लास्टी सगळे लिहावे. हप्ता वाढेल म्हणून मुले कधीकधी हे रकाने कोरे सोडतात आणि ऐन संकटात त्याच कारणाने दावा नाकारला जातो.

परतीची तयारी

अंगावरचे जास्तीचे दागिने नेणार असाल तर निघतानाच विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. परतताना ते सोने आपलेच आहे, हे त्याने सिद्ध होते. भारतात येताना पाच हजार डॉलरांहून अधिक नोटा, किंवा नोटा आणि प्रवासी धनादेश मिळून दहा हजार डॉलरांहून अधिक रक्कम जवळ असेल, तर ती जाहीर करावी लागते. करमुक्त सामानाची मर्यादा वेळोवेळी बदलते. शेजाऱ्याच्या जुन्या अनुभवावर विसंबू नका, सीमाशुल्क विभागाचे संकेतस्थळ निघण्याच्या आठवड्यात पाहा.

सीमाशुल्काचा अर्ज, विम्याचा अर्ज आणि डॉक्टरांची खोली, तिन्ही ठिकाणी प्रवाशाचे रक्षण करणारी गोष्ट एकच आहे: विचारण्याआधी खरे सांगणे. परदेशातल्या मुलांना विनंती आहे की आईवडिलांचे तिकीट काढाल त्याच दिवशी त्या देशाची निषिद्ध वस्तूंची यादी मराठीत लिहून त्यांना पाठवा. आणि आईवडिलांनो, शंका वाटेल ती वस्तू घरी ठेवा आणि सोबत न्याल ती प्रत्येक खाण्याची वस्तू अर्जात लिहा.